सगळ्यांना सांगणारी दरी

त्या रानात कोणी कोणाला शोधत नसे. कोणाला काही हवे असले की तो दरीच्या कडेला जाई, मान खाली घालून विचारी, आणि दरी सांगे. पाणी कुठे उरले आहे, मध कुठे लागला आहे, दुखरा पंख कोण बसवून देतो, सगळे दरी सांगे. त्या दरीत कोण राहते हे कोणी पाहिले नव्हते. उतरून पाहायला वेळ कोणाला होता? आणि उत्तर मिळतेच आहे तर सांगणाऱ्याचे तोंड बघून करायचे काय, असे सगळे म्हणत.

एवढे मात्र सगळ्यांना ठाऊक होते की दरी कोणाला पारखत नाही. जे नाव तिच्यात जास्त वेळा आणि जास्त गळ्यांनी ओरडले जाते, तेच ती आधी परत करते. म्हणून रानातले कारागीर सकाळी उठून आधी दरीवर जात, आपले नाव घसा ताणून ओरडत आणि मग कामाला लागत. पुढे पुढे ओरडण्यातच दुपार होऊ लागली.

रानाच्या एका टोकाला भोकरीची राई होती, आणि त्या राईत द्वारका नावाची शिंपीण राहत असे. शिंपीण म्हणजे चिमणीहून लहान पाखरू. चोच सुईसारखी आणि शेपूट सदा वर. ती दुसऱ्यांना घरटी शिवून देई. तिची शिवायची रीत तिच्या आईची होती. पान फांदीवरून तोडायचे नाही. फांदीवरचीच दोन जिवंत पाने जवळ ओढायची, कडांना बारीक भोके पाडायची, त्यातून कोळ्याचा धागा ओवायचा आणि बाहेरच्या बाजूने सावरीच्या कापसाची गाठ मारायची. असे पान शिवल्यावरही वाढत राहते. ते पिवळे पडत नाही, गळत नाही, आणि खालून पाहणाऱ्याला फांदीवर दोन पाने दिसतात, इतकेच.

पण या रीतीची एक अडचण होती. शिवलेले घरटे फांदीवरून हलवता येत नसे. चार लोकांत नेऊन, हे बघा माझे काम, असे म्हणायची सोय नव्हती. द्वारकेचे काम पाहायचे तर राईतच यावे लागे, आणि राईत येण्यासाठी आधी तिचे नाव कोणीतरी सांगावे लागे.

दरी ते सांगत नव्हती. दरी वटवट्याचे नाव सांगे. वटवट्या तिचाच लांबचा भाऊबंद. तो मोठी मोठी पाने तोडून आणी, डिंकाने चिकटवी आणि वर दोन फुले खोची. पहिल्या दिवशी त्याचे घरटे इतके देखणे दिसे की बघत राहावे. चार उन्हे खाल्ली की त्याचा पापड होई. तोवर वटवट्या पुन्हा दरीवर ओरडत असे.

रानाचा एक जुना नियम होता. जांभळे काळी होईपर्यंत ज्या राईतून एकही पिल्लू उडाले नाही, ती राई सांबरांना चरायला मोकळी करायची. रिकामी पाने कशाला राखायची, असा त्यामागचा विचार. निवाडा एक म्हातारा गवा करी. त्याला सगळे अण्णा म्हणत. त्याच्या दाढा पडून गेल्या होत्या, पानांवर त्याचा डोळा असायचे कारण नव्हते, म्हणून त्याच्यावर सर्वांचा विश्वास होता. गेल्या वर्षी द्वारकेच्या राईतून एकही पिल्लू उडाले नव्हते. अण्णांनी एकदा सूट दिली होती. दुसरी सूट मिळणार नव्हती. सांबरे आताच अधूनमधून राईच्या कडेला येऊन उभी राहत आणि उगीच दुसरीकडे बघत.

अशा दिवसांत एक कोतवाल पक्षी तिच्याकडे आला. काळा कुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा. कोतवालाला कोणाचाही आवाज हुबेहूब काढता येतो.

"द्वारकाबाई," तो म्हणाला, "दरीत तुमचं नाव नाही म्हणजे तुम्ही रानातच नाही. आहे का ठाऊक?"

"मी इथंच तर आहे. जन्मापासून."

"ते तुम्हाला ठाऊक. दरीला कुठं ठाऊक आहे?" त्याने मान वाकडी केली आणि सातभाई पाखराच्या आवाजात कलकलाट केला, "अगं बाई, द्वारकेनं काय घरटं शिवलंय! बघत राहावं!" लगेच बुलबुलाच्या गळ्याने म्हणाला, "आम्ही तर दरवर्षी तिच्याकडूनच घेतो हो."

द्वारकेला हसू आले. मग ती म्हणाली, "पण सातभाईंना मी कधीच घरटं शिवून दिलेलं नाही."

"मग काय झालं? सातभाईंनी कुठं नाही म्हटलंय?"

"आणि याबद्दल तुम्हाला काय द्यायचं?"

"काही नको. राईत काय चाललंय ते मला रोज सकाळी सांगत जा, बस्स. कोण आलं, कोण बसलं, कोणाची अंडी केव्हाची. मला आपली गप्पांची हौस."

द्वारकेला हे पटले नाही. फुकट ओरडणारा आणि रोज बातमी विचारणारा, हे काही सरळ वाटत नव्हते. पण सांबरे राईच्या कडेला उभी होती. तिने मान डोलावली.

कोतवालाने आणखी एक गोष्ट मागितली. दरीच्या तोंडाशी टांगायला एक नमुना हवा, म्हणाला. द्वारकेने सांगितले की माझे घरटे फांदीवरून हलत नाही. तो म्हणाला, मग हलेल असे एक करा, बघणाऱ्याला काय कळते? त्या दिवशी द्वारकेने आयुष्यात पहिल्यांदा पान तोडले. देठातून निघालेला चिकट चीक तिच्या चोचीला लागला आणि दिवसभर निघाला नाही. तिने ते पान नेहमीच्याच टाक्यांनी शिवले, आणि कोतवालाने ते दरीच्या तोंडावर टांगले.

मग दरी बोलू लागली. घरटे कोण शिवते, असे कोणी विचारले की आधी वटवट्या, लगेच द्वारका. पुढे पुढे आधी द्वारका. राईत गर्दी लोटली. ढोलीत राहणाऱ्या साळुंक्या आल्या आणि पानांना नावे ठेवून गेल्या. तितर आला आणि जमिनीवर घरटे शिवून मिळेल का, असे विचारू लागला. एक खार नुसती बघायला आली, दुसऱ्या दिवशी नातेवाइकांना घेऊन आली. वानरांनी दोन फांद्या मोडल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत द्वारका येणाऱ्या-जाणाऱ्यांना उत्तरे देत असे आणि चोचीतला धागा तसाच वाळून जाई. येणाऱ्यांना तोटा नव्हता. राहायला कोणी आले नाही.

"काय म्हणते राई?" कोतवाल रोज सकाळी विचारी.

"गर्दी आहे."

"गर्दी हवीच होती ना? आणि अंडी?"

"अंडी नाहीत."

"होतील, होतील," तो म्हणे आणि राईवर एक नजर फिरवून उडून जाई. ती नजर द्वारकेला आवडत नसे.

एका सकाळी राईत धामण आली. हळू, अंग सावरत, पाहुणी यावी तशी.

"द्वारकाताईंची राई हीच ना? फार ऐकलं हो तुमच्याबद्दल."

द्वारका वरच्या फांदीवर सरकली. "कोणाकडून ऐकलंत?"

"दरीकडून. आणखी कोणाकडून ऐकणार?"

"तुम्हाला घरटं हवंय?"

"मला मेलीला घरटं कशाला?" धामण हसली. "मी विचारलं, कोवळी अंडी कुठं मिळतील? दरी म्हणाली, द्वारकेची राई." तिने जीभ बाहेर काढून हवा चाचपली. "अजून कोणी बसलेलं दिसत नाही. असू दे. मी येत जाईन."

धामण निघून गेली तरी द्वारकेचे पाय फांदीला घट्ट धरून राहिले होते. राई रिकामी होती याचे इतके दिवस तिला दुःख होते. त्या सकाळी पहिल्यांदाच तिला त्याचे बरे वाटले, आणि तसे बरे वाटल्याची तिला लाज वाटली.

ती तडक दरीवर गेली आणि कोतवालाला म्हणाली, "माझं नाव ओरडणं बंद करा."

"मी कधीच बंद केलंय," कोतवाल म्हणाला. "आता दरी आपली आपणच म्हणते. ऐका."

खालून सातभाईंच्या, बुलबुलांच्या, कोकिळेच्या आवाजात तिचे नाव वर येत होते. कडेला कोणीही ओरडत नव्हते.

रानाच्या दुसऱ्या अंगाला, जिथे सहसा कोणी जात नसे, एक वठलेला ऐन उभा होता. त्यावर एक म्हातारा सुतार पक्षी राही. त्या झाडावर फक्त घरटी करणाऱ्यांच्या खुणा होत्या. घरटे विणणाऱ्यांची भोके एका फांदीवर, मातीचे लिंपणाऱ्यांची दुसरीवर, पाने शिवणाऱ्यांची तिसरीवर. सुतार स्वतः ठोकून पाडी तेवढीच भोके तिथे असत, दुसऱ्या कोणाला तिथे खूण करता येत नसे. द्वारकेने त्याच्याबद्दल चांगले काही ऐकले नव्हते. तो खडूस आहे म्हणत. तो अळ्या घेतो आणि खुणा करतो म्हणत. झाडावरच्या कितीतरी खुणा कधीच्याच मेलेल्यांच्या आहेत, असेही म्हणत.

तिने पाहिले तर हे शेवटचे खरे होते. शिवणाऱ्यांच्या फांदीवर तीन-चार भोके शेवाळाने बुजली होती.

"ती कोणाची?" तिने विचारले.

"गेलेल्यांची. बुजवायची राहिली," सुतार म्हणाला. "एकटा किती करू? तुला काय हवंय?"

"माझीही खूण करा."

"दरी तर दिवसभर तुझं नाव घेते. तिथं पोट भरलं नाही?" त्याने तिच्याकडे एका डोळ्याने पाहिले, मग दुसऱ्याने. "दरीच्या तोंडावर ते वाळकं लोंबतंय, ते तुझंच ना? टाके तुझ्या घराण्याचे आहेत. पान मेलेलं आहे."

द्वारकेने मान खाली घातली. "माझंच."

"मग वटवट्यात आणि तुझ्यात फरक काय?"

"राईत चला. दाखवते."

"येईन. पण मी आलो, बघितलं आणि गेलो, असं होत नाही. तू शिवायचं आणि मी थांबायचं."

तो आला. येताना वाटेतल्या खोडातल्या अळ्या खात आला, तेव्हा द्वारकेला वाटले, लोक म्हणतात ते खोटे नाही. तिने त्याच्यासमोर दोन पाने ओढली आणि शिवली. पुढे कितीतरी दिवस तो रोज येई, पानाचा देठ चोचीने दाबून बघे, गाठ उसवायचा प्रयत्न करी आणि न बोलता निघून जाई. कडक ऊन पडले. बाकीची राई मलूल झाली, शिवलेली दोन पाने हिरवीच राहिली. त्यानंतर एके सकाळी ऐनावरून ठकठक ऐकू आली.

"आता मोठी रांग लागेल असं समजू नकोस," तो तिला म्हणाला. "माझ्याकडे येणारे थोडे. येईल त्याला मी आधी विचारतो, तुला कशाला हवं? उत्तर पटलं तर वाट सांगतो. पटलं नाही तर ठोकत बसतो."

"धामण आली तर?"

"दोनदा येऊन गेली. मी ठोकत बसलो."

जांभळांचा हिरवा रंग उतरून लाली चढली तरी कोणी आले नाही. द्वारकेला पुन्हा शंका येऊ लागली. आधी दरीने फसवले, आता या म्हाताऱ्याने वाऱ्यावर सोडले. आणि मग एका दुपारी एक शिंजीर पाखरू आले, द्वारकेहूनही लहान. तिचे नाव केशर. ती राईच्या बाहेरच थांबली आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

"आत या ना," द्वारका म्हणाली.

"आधी सांगा, दरीत तुमचं नाव का आहे?"

द्वारकेने काही न लपवता सगळे सांगितले. चीक चोचीला लागला तेही सांगितले.

केशर जरा जवळ आली. "मी दरीला विचारलंच नाही. आपण विचारलं की दरीलाही कळतं ना, आपण अंडी घालणार आहोत ते. मागच्या साली विचारलं होतं. घरटं मिळालं, पण माझ्या आधी तिथं दुसरंच कोणी येऊन बसलं होतं." मग म्हणाली, "सुतारबुवांनी मला दोन दिवस उलटसुलट विचारलं. रागच आला होता. पण म्हटलं, मला एवढं विचारतात तर बाकीच्यांनाही विचारत असतील."

द्वारकेने तिला राईच्या मधोमध, सगळ्यांच्या वाटेवरच्या फांदीवर घरटे शिवून दिले. केशर घाबरली, पण द्वारका म्हणाली, कोपऱ्यात सगळे शोधतात. टाका इतका बारीक होता की शिवून झाल्यावर तिलाच क्षणभर ते पान ओळखू येईना.

दुसऱ्या सकाळी कोतवाल आला. "काय म्हणते राई?"

"काही नाही."

"कोणी बसलं?"

"नाही."

तो उडाला नाही. फांदीवर इकडून तिकडे चालला. "पूर्वी तुम्ही जास्त बोलायचात, द्वारकाबाई."

"पूर्वी गर्दी जास्त होती."

त्या दिवसापासून तो वेळी-अवेळी येऊ लागला. कधी केशरच्या आवाजात हाक मारी आणि कुठून उत्तर येते का ते बघे. केशरने चोच मिटून ठेवली. अंडे फुटले. पिल्लाला पिसे आली. केशर फक्त दुपारी, सगळे रान डोळे मिटून पडले असताना, दाणापाणी घेऊन आत शिरे.

आणि जांभळे काळी झाली.

निवाड्याला सगळे रान आले. कोतवालाने तशी हाकाटीच केली होती. सांबरे अर्ध्या राईपर्यंत आत येऊन उभी होती. वटवट्या सगळ्यांत पुढे. धामण एका दगडावर वेटोळे घालून, झोपल्यासारखी पडली होती. गवा आला, राईच्या मध्यावर आला आणि धापा टाकत खाली बसला.

"द्वारके, इथून पिल्लू उडालं का?"

"अजून नाही, अण्णा. पण घरटं आहे. आज-उद्या उडेल."

"मग दाखव घरटं."

द्वारकेने दगडाकडे पाहिले. धामणीने आता डोके उचलले होते.

"दाखवता येत नाही."

"असेल तर दाखव, नसेल तर नाही म्हण. माझी मान दुखते."

"आहे."

"कुठं?"

सांबरांतले एक पुढे झाले आणि त्याने एक पान हुंगले. ते पान केशरच्या घरट्यापासून चौथ्या फांदीवरचे होते. केशर समोरच्या झुडपात निपचित बसली होती. द्वारका एक शब्द बोलली तर राई वाचणार होती आणि पिल्लू जाणार होते. गप्प राहिली तर संध्याकाळपर्यंत राई सांबरांच्या पोटात, आणि पिल्लूही राहणार नव्हते. गप्प राहून मिळणार होता तो थोडा वेळ, तेवढाच.

"थापा मारते!" वटवट्या ओरडला. "एवढ्या डोळ्यांना दिसत नाही म्हणजे नाहीच!"

सगळे शोधू लागले. खारी फांद्यांवरून धावल्या. साळुंक्यांनी पाने उलटीपालटी केली. वटवट्या तर त्या दोन पानांच्याच फांदीवर उभा राहून चहूकडे बघत होता आणि म्हणत होता, "कुठं आहे? कुठं आहे?" कोणाला काही सापडेना. सगळे घामाघूम झाले आणि एकमेकांवर चिडू लागले.

"अरे, पण आपण शोधतोय कशाला?" खार एकदम म्हणाली. "दरीला विचारू या की!"

हे आधी कसे सुचले नाही, याचे सगळ्यांना नवल वाटले. सगळ्यांना एकदम हलके वाटले. पाखरे उठली, वानरे उठली, सांबरे वळली. धामण दगडावरून उतरली ती सगळ्यांच्या पुढेच निघाली, कारण उत्तर आधी आपल्या कानी पडावे असे तिला वाटत होते. कोतवाल तिच्या डोक्यावरून उडत होता. बघता बघता राई रिकामी झाली.

गवाही निघणार होता. त्याने पुढचे गुडघे टेकले, मागचे पाय उचलले, पण कंबर साथ देईना. "विचारून या आणि मला सांगा," तो पुटपुटला आणि पुन्हा खाली बसला.

राईत शांतता पसरली. इतक्या दिवसांत इतकी शांतता तिथे झाली नव्हती. त्या शांततेत गव्याच्या नाकासमोरची दोन पाने हलली. वारा नव्हता. पानांच्या फटीतून एक चोच बाहेर आली, मग डोके, मग अजून नीट न बसलेली पिसे.

गवा डोळे रोखून बघत राहिला. द्वारका हलली नाही. केशरने झुडपातून अगदी बारीक साद घातली.

पिल्लू पानाच्या कडेवर आले, तोल गेला, पंख उघडले आणि उडाले. झाडाझुडपांत कुठे बसावे हे अजून त्याला कळत नव्हते, म्हणून ते सरळ उजेडाच्या दिशेने गेले, रान जिथे संपते त्या बाजूला. केशर आणि द्वारका त्याच्या मागे उडाल्या.

दरीच्या कडेला सगळे रान दाटीवाटीने उभे होते. खारी, वानरे, साळुंक्या, सांबरे, धामण. पिल्लू धडपडत, वरखाली होत, त्यांच्या डोक्यांवरून गेले, इतक्या खालून की त्याच्या पंखांचा वारा सांबरांच्या शिंगांना लागला असेल. दरी सांगत होती, द्वारकेची राई, द्वारकेची राई. आणि सगळ्यांच्या माना खाली होत्या.